टाळी कुठं पडते

२०२४ चा एप्रिल. लोकसभेचा प्रचार चाललेला आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम. मी ज्या अडत दुकानात हिशेब लिहिते तिथं सौदे उरकले की हमाल मंडळी थप्पीच्या सावलीला पाठ टेकतात. भुवयांवर, कानाच्या पाळीवर, बनियनच्या शिवणीत पिवळी धूळ. घाम पुसलेला टॉवेलही पिवळा. त्या दुपारी एकाच्या मोबाईलवर आदल्या रात्रीच्या सभेतलं भाषण लागलं होतं. वक्ता कोण, कुठल्या पक्षाचा, ते सांगत नाही. असा एकेक जण सगळ्याच बाजूंना असतो. जिल्ह्यातल्या एका बड्या माणसाला तो अरेतुरे करत होता, हे काय तुझ्या बापाची पेंड आहे का म्हणून विचारत होता. हमाल पोट धरून हसत होते. एक वाक्य तर त्यांनी मागं घेऊन पुन्हा ऐकलं. मला राहवलं नाही. दुकानातल्या सगळ्यात जुन्या हमालाला आम्ही मामा म्हणतो. त्यांना म्हटलं, “मामा, ही काय भाषा झाली? निवडून यायला निघालेल्या माणसानं असं बोलावं?” मामांनी चुन्याची डबी मिटली आणि आवाज न चढवता म्हणाले, “ताई, तुमच्याशी असं कोन बोलत न्हाई, म्हनून तुमास्नी खुपतंय. आमच्याशी सगळी रोज असंच बोलत्यात. काल कोनतरी त्येंच्याशी तसं बोललं.”

तेवढ्यात गाडी लागली आणि ते उठून गेले.

त्या दिवसापासून मामांशी कोण कसं बोलतं याकडे माझे कान लागले. सकाळी मालाच्या ट्रकवरचा क्लीनर, वयानं त्यांच्या नातवाएवढा, “ए म्हाताऱ्या, हात चालव की” म्हणतो. एका खरेदीदाराचा मुलगा पुण्याहून शिकून आलाय. तो शिवी देत नाही, पण नावही घेत नाही, बोटानं पोतं दाखवतो आणि बोटानंच ते टाकायची जागा. मामांचा गुडघा धरला तेव्हा मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. केसपेपरच्या खिडकीतून प्रश्न आले, “आधार कुठाय? झेरॉक्स कुठाय? मग आलास कशाला?” मागं उभी असलेली मी पुढं झाले, तशी खिडकीतल्या बाईंचा आवाजच बदलला. “मॅडम, तुम्ही पेशंटबरोबर आहात का? बसा ना, देते करून.” मामा माझ्याकडे बघून नुसते हसले. घरी मामींच्या बचत गटाचं कर्ज आहे, मायक्रोफायनान्सचं. हप्ता चुकला की वसुलीचा पोरगा दारात उभा राहून चार शेजारणींना ऐकू जाईल अशा बेतानं बोलतो: पोराच्या गाडीला पैसे आहेत, हप्त्यालाच नाहीत होय. ही भाषा असभ्य आहे म्हणून कुठल्या वर्तमानपत्रात अग्रलेख येत नाही. उद्धट बोलणं आपल्याकडे पाण्यासारखं वरून खाली वाहतं आणि ते इतकं अंगवळणी पडलंय की ऐकूही येत नाही. कोणी ते उलटं, खालून वर चढवलं की मात्र सगळ्यांना एकदम भाषेची पातळी आठवते.

माझे वडील तासगावात तहसील कचेरीच्या बाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे. लाकडी पेटी, तिच्यावर यंत्र, बाजूला कार्बन पेपरची गुंडाळी आणि स्टॅम्पपॅडचा तो ओलसर वास. शाळा सुटली की मी तिथंच पायरीवर बसून गृहपाठ करायचे, म्हणून मला ते अर्ज पाठ झालेत. एकदा सावळजकडचा एक शेतकरी तणतणत आला. तलाठ्यानं उताऱ्यावर विहिरीची नोंद घातली नव्हती आणि घालायचे पैसे मागत होता. त्या माणसानं जे सांगितलं त्यात तलाठ्याच्या आईबापाचा उद्धार होता, पैशाचा आकडा होता, वार होता, तलाठी कुठल्या टपरीवर बसून बोलला ते होतं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि टाइप केलं: सदर विहिरीची नोंद सातबारा उताऱ्यावर अद्याप घेण्यात आलेली नाही, तरी मेहेरबान साहेबांनी योग्य ती कार्यवाही होणेबाबत विनंती आहे. वाचून दाखवलं. तो माणूस जरा वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, ह्यात तलाठी कुठं हाय?”

वडील त्याला समजावत बसले. तलाठ्याचं नाव घातलं तर साहेब हा अर्ज मंडल अधिकाऱ्याकडे चौकशीला पाठवणार, मंडल अधिकारी अहवाल मागवणार तो त्याच तलाठ्याकडून, आणि मग विहीर राहिली बाजूला, तुझी बाकीची कामंही अडतील. हे खरंच होतं. वडील भित्रे नव्हते, त्यांना कचेरी माहीत होती. त्या माणसानं अंगठा उठवला आणि गेला. महिन्याभरानं त्याला उत्तर आलं असणार, कारण सगळ्यांना तेच यायचं: आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात आलेला आहे. कोणी वर्ग केला, कोणाकडे, कधीपर्यंत, काही नाही. माणसाचं रागावलेलं, नावागावासकट असलेलं बोलणं पायरीवरून आत जायचं आणि बाहेर येताना त्यातून सगळी माणसं नाहीशी झालेली असायची. मला वाटतं, सभेतला तो कडक बोलणारा माणूस नेमका तो तलाठी परत वाक्यात आणून बसवतो. ऐकणाऱ्याला माहीत असतं की एवढ्यानं विहीर उताऱ्यावर चढणार नाही. पण निदान प्रकरण काय आहे ते कोणीतरी त्याला कळेल असं, मोठ्यानं, माईकवर सांगितलेलं असतं.

आमच्या भागाला हे नवीन नाही. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील स्वतः तलाठी होते. १९३० साली नोकरी सोडून ते चळवळीत उतरले. १९४२ नंतर त्यांच्या प्रतिसरकारनं, म्हणजे इंग्रज सरकारला समांतर उभ्या केलेल्या लोकांच्या कारभारानं, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग येत होता, गावोगाव न्यायनिवाडे केले, गावगुंड आणि सावकार वठणीवर आणले. १९५७ ला हाच माणूस साताऱ्यातून लोकसभेवर गेला. आजीचं माहेर वाळवा तालुक्यातलं, तिनं लहानपणी नानांना ऐकलं होतं. भाषण कशावर होतं ते तिला आठवत नसे. बांधावर बसून आपल्या घरचंच कोणी बोलतंय असं वाटायचं, एवढं ती पुन्हा पुन्हा सांगायची. आणि आणखी एक सांगायची, जे मला आता जास्त महत्त्वाचं वाटतं. नाना समोरच्यांनाही सोडत नसत. कर्ज काढून लग्नात जेवणावळी घालणाऱ्यांना भर सभेत खडसावायचे. थोडक्या खर्चातली गांधी लग्नं त्यांनी लावून दिली, ती या खडसावण्यातूनच आली. म्हणजे परखडपणा इंग्रज सरकारपुरता नव्हता, सावकारापुरताही नव्हता, ऐकायला बसलेल्या माणसालाही त्यातला वाटा मिळत होता आणि तरीही लोक कोस-कोस चालत यायचे.

कष्टकऱ्याला रांगडं बोलल्याशिवाय काही रुचतच नाही असं म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. त्यात त्या माणसाचा अपमान आहे. याच मातीत, देवराष्ट्रे गावात, गरिबाघरी यशवंतराव चव्हाण जन्मले. त्यांची भाषा किती मवाळ, किती तोललेली. साताऱ्यानं त्यांना पुन्हा पुन्हा लोकसभेवर पाठवलं. वसंतदादांना शाळा फार मिळाली नव्हती, त्यांचं बोलणं साधं आणि मोजकं. दोघांची बोलण्याची तऱ्हा वेगळी, पण लोक दोघांच्याही मागं गेले, कारण त्या काळात शब्दापाठोपाठ काहीतरी दारात यायचं. सहकारी साखर कारखाना यायचा, उपसा सिंचनाची पाइपलाइन यायची, गावात हायस्कूल यायचं. माझ्या मोठ्या मामाला अशाच एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आजीनं गल्लीत साखर वाटली होती. हातात काही पडत होतं तोवर बोलणारा मऊ बोलतो की कडक याचा हिशेब कोणी ठेवत नव्हतं.

पुढं तो कारखाना अडचणीत आला. मोठा मामा निवृत्त झाला आणि त्याची ग्रॅच्युइटी अडकली. तो मला दर वर्षीच्या सर्वसाधारण सभेचं वर्णन ऐकवायचा. मांडव, पंखे, चेअरमन साहेबांचं अतिशय सुसंस्कृत भाषण, त्यात जागतिक बाजारातले साखरेचे दर, इथेनॉलचं धोरण. मग सचिव विषय वाचायला लागले की पुढच्या रांगांतून “मंजूर, मंजूर” असा गजर. सगळा ताळेबंद जेवणाच्या आधी मंजूर. एकदा एका सभासदानं माईक धरून विचारलं की माझ्या उसाचं बिल कधी देणार. माईक बंद झाला. त्याला कोणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. दोघा कार्यकर्त्यांनी “या अण्णा, आपण नंतर बोलू” म्हणत खांद्यावर हात टाकून त्याला खाली नेलं. मोठा मामा म्हणायचा, मला त्या हाताची जास्त भीती वाटली.

उसाच्या बिलाचा कायदा तसा स्वच्छ आहे. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज. ज्यांच्याकडे ऊस आहे त्यांनी मनाशीच सांगावं, हे व्याज किती वेळा न मागता खात्यावर जमा झालं. म्हणून जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला आमच्याकडची माणसं टेम्पो भरभरून जातात. तिथं बोलणारा नेता पहिली उचल, म्हणजे उसाचा पहिला हप्ता, किती हवी तो आकडा सांगतो. कुठल्या काट्यावर वजनात काटामारी होते ते सांगतो. गावात ज्याचं नाव कुजबुजत घ्यायचं, त्याचं नाव माईकवरून घेतो. टाळी नक्की कुठं पडते ते बघावं माणसानं. शिवीला हशा येतो. टाळी पडते ती आकड्याला आणि नावाला. आकडा सांगितला की तो उद्या चुकला हे दिसतं, माणूस त्यात अडकतो. ‘शेतकऱ्यांच्या हितासाठी सर्वतोपरी प्रयत्न केले जातील’ या वाक्यात कोणी कधी अडकल्याचं मी पाहिलेलं नाही.

याच्याहून स्पष्ट मला पुरात दिसलं. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आमचं घर गावभागात. खालच्या मजल्यात पाणी, जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर आम्ही, दोन शेजारची कुटुंबं आणि एक कुत्रं. वीज नाही. पाण्याला डिझेलचा आणि कुजलेल्या धान्याचा मिळून एक वास होता, तो भिंती रंगवल्यावरसुद्धा महिने महिने गेला नाही. ब्रह्मनाळला नाव उलटल्याची बातमी अशीच जिन्यावर, कोणाच्या तरी संपत आलेल्या मोबाईलवर आली. आणि त्याच सुमारास सरकारी निर्णयाचा कागद व्हॉट्सअॅपवर फिरायला लागला: दोन दिवसांपेक्षा जास्त काळ भाग पाण्याखाली असेल तर गहू आणि तांदूळ मोफत मिळतील. नियम लिहिणाऱ्यानं वाईट हेतूनं लिहिला असेल असं मी म्हणत नाही. मदत कोणाला द्यायची तर कुठंतरी रेघ ओढावी लागते, हेही मला हिशेब लिहिणारी म्हणून कळतं. पण गुडघाभर चिखलातून धान्याचं भिजलेलं पोतं ओढणाऱ्या बाईला तो कागद वाचून दाखवला तेव्हा तिनं विचारलं, “म्हंजे आनि एक दिस बुडायचं व्हय?”

त्या घडीला कोणी माईक हातात घेऊन सरळ शिवी हासडली असती तर मीही टाळी वाजवली असती.

म्हणूनच मला पुढचं लिहिताना त्रास होतो. कारण तोच वक्ता, तीच सभा, तोच चढलेला आवाज अर्ध्या तासानं दुसरीकडे वळतो. वरच्याला दोन शिव्या घालून झाल्या, लोक तापले, की मग बोट शेजाऱ्याकडे जातं. कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणारा बिहारचा पोरगा. पलीकडच्या मोहल्ल्यातला माणूस. आपल्यासारखाच रोजंदार, पण दुसऱ्या जातीचा. भाषणाचा वेग तोच राहतो, त्यामुळे वळण आलेलं कळतच नाही. मिरजेनं २००९ मध्ये दंगल पाहिली आहे. तेव्हा संचारबंदीत हातावर पोट असलेल्यांच्या घरी काय शिजलं, हे इथल्या कुठल्याही हमालाला विचारावं. वरच्या माणसाला दिलेली शिवी सभेबरोबर संपते, कारण त्याच्यापर्यंत ती पोचतच नाही. शेजाऱ्याला दिलेली दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर भेटते.

मामा मूळचे खानापूर तालुक्यातले. तिकडच्या दुष्काळानं माणसं गलाईच्या धंद्यात ढकलली. सोनं-चांदी गाळायची भट्टी पेटवून विटा, खानापूर, आटपाडीकडची पोरं देशभरच्या सराफ पेठांमधून पोचली आहेत. क्वचितच एखादं मोठं शहर असेल जिथं आपला गलाईवाला नाही. मामांचा भाचा तमिळनाडूत आहे. तिथं तो परप्रांतीय. साताऱ्याकडे पाटण-जावळीच्या डोंगरातली माणसं मुंबईत माथाडी म्हणून गेली, त्यांनीही हे ऐकून घेतलंच असेल. एका दुपारी मी मामांना म्हटलं, “तुमच्या भाच्याच्या गल्लीत तिथल्या कोणा पुढाऱ्यानं असंच भाषण केलं तर?” मामा म्हणाले, “केलं बी आसंल. भाचा सांगत न्हाई.” मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, “पर ताई, हितं मालक त्या पोरास्नी आनून दर पाडतोय, त्ये खोटं हाय का?” खोटं नाही. दर पडतो, आणि पडलेल्या दराचा चटका मला लागत नाही, मामांना लागतो. म्हणून परप्रांतीयांवरच्या भाषणाला टाळी वाजवणाऱ्यांना अडाणी, द्वेष्टे म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. मी एवढंच विचारलं, “दर पाडतो कोण, तो पोरगा की मालक? आणि मालकाचं नाव सभेत घेतलं का?” मामा म्हणाले, “मांडव कुनाचा हुता मंग?”

त्यांना सगळं माहीत असतं. हे मला पुन्हा पुन्हा जाणवतं. कडक भाषणाला भुलून लोक मत देतात असं जे लिहिलं जातं ते त्यांच्या शहाणपणाचा हिशेब न करता लिहिलं जातं. स्टेशन चौकातल्या सभेतली टाळी आणि केंद्रावरचं मत यांच्यामध्ये गावकी येते, भावकी येते, कोणी दवाखान्यात फोन केला होता, कोण मयताला आला होता हे येतं. २०२४ ला सांगलीनं पक्षाचं चिन्ह नसलेला अपक्ष उमेदवार लोकसभेवर पाठवला. सभांमधल्या आवाजावरून तो निकाल कोणाला सांगता आला असता असं मला वाटत नाही.

सरळ बोलणं आणि तोडून बोलणं यांची गल्लत होऊ नये, याची मला फार काळजी वाटते, कारण आपण सरळ बोलण्याची भूक बघून तोडून बोलणारे पुढं करत चाललो आहोत. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात भर पावसात शरद पवार बोलले. पावसाचा फोटो सगळ्यांच्या लक्षात आहे. माझ्या लक्षात त्या भाषणातली कबुली आहे: लोकसभेला उमेदवार निवडताना माझ्याकडून चूक झाली. कोणाला शिवी नव्हती, आवाज चढलेला नव्हता. तोच उमेदवार पक्ष सोडून गेला होता, आणि त्या पोटनिवडणुकीत तो पडला. राजकारण त्यांचं कोणाला पटो न पटो, पण एवढा मोठा नेता माईकवर स्वतःची चूक सांगतो हे आमच्या हमालांना दोन दिवस पुरलं होतं. आणि आमच्या तासगावचे आर. आर. आबा. अंजनीसारख्या लहान गावातून आलेला माणूस, गावकऱ्यांना त्यांच्याच बोलीत सांगायचा की तुम्ही घाणीत राहता, हे बरं नव्हे. गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान निघालं आणि माणसांनी खरंच खराटे हातात घेतले. आमच्या शाळेपुढचा उकिरडा मी स्वतः नाहीसा झालेला पाहिला. २००८ ला मुंबईवरच्या हल्ल्यानंतर त्यांच्या तोंडून एक वाक्य नको तसं गेलं आणि गृहमंत्रिपद गेलं. वाक्य चुकीचंच होतं. तरी पुढच्याच वर्षी तासगावनं त्यांना निवडून दिलं. एका वाक्यापुढं त्यांना माणसाचं बाकीचं बोलणं आठवत होतं, त्यातलं स्वतःला बसलेलं रागे भरणंसुद्धा. आज मी जी कडक भाषणं ऐकते त्यात समोर बसलेल्याला कोणी एक शब्द टाकून बोलत नाही. दारू, लग्नाचं कर्ज, डॉल्बी, मुलीची शाळा सोडवणं, यावर अवाक्षर नाही. एवढी हिंमत सगळ्या जगाला दाखवणारा माणूस आपल्याच लोकांपुढं मऊ होतो, तिथं मला शंका येते.

आणि बायका. आमच्या यार्डात हळद निवडणाऱ्या बायका आहेत. गोणपाटावर बसून दिवसभर गड्डे, हळकुंड, चोरा वेगळा करायचा. डोळे चुरचुरतात, नखं कायमची पिवळी. काम करताना बांगड्या कोपराकडे सारून वर दोरीनं बांधतात, नाहीतर फुटतात. त्यांनाही त्या सभेला टेम्पोतून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, कसं झालं भाषण. एकीनं सांगितलं, “चांगलं बोलला की. पर मधीच म्हनला, आमी काय हातात बांगड्या न्हाई भरल्या. समोर निम्म्या बायका. आमी हातच बघत बसलो.” त्यांचं दुःख सांगायला उभा राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांना त्या दिसल्या नव्हत्या. या रांगड्या भाषेत आईबहिणीवरून जितक्या शिव्या आहेत, त्या ऐकताना पुढच्या सतरंजीवर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावतात. ते हसणं असतं असं पुरुषांना वाटतं. गेल्या काही वर्षांत या बायका सभेतून घरी आल्यावर एकमेकींत जे बोलतात ते फार मोकळं आणि फार परखड असतं. ते कुठल्या माईकवर येत नाही.

त्यांचं एक काम माझ्याकडे आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या अनुसूचीत हमालीबरोबर निवडण्या-चाळण्याचं कामही येतं. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांनी ज्या हमालांसाठी जन्म घालवला त्यांना मंडळ आहे, मालकानं मजुरीवर भरायची लेव्ही आहे, फंड आहे, ग्रॅच्युइटी आहे. या निवडणाऱ्या बायकांची मात्र आमच्याकडे मंडळात नोंदच नाही. वडिलांच्या हाताखाली शिकलेली म्हणून त्या अर्ज लिहायला माझ्याकडे येतात. आधीचे अर्ज मी वडिलांच्या वळणानंच लिहिले होते, विनंती आहे, व्हावी, मिळावी. त्यांची उत्तरं वडिलांच्या काळातलीच आली. या वेळी बायका गोणपाटावरून उठल्या, दुकानात येऊन माझ्या टेबलाभोवती बसल्या आणि म्हणाल्या, आमी सांगतो तसं लिव्हा. मी लिहिलं. कुठल्या टेबलावर आमचा कागद अडकला आहे त्या साहेबांचं नाव आम्हाला कळवा. आमच्या दुकानमालकांनी नोंदीला हरकत घेतली असेल तर कोणी घेतली ते कळवा. नसेल घेतली तर किती दिवसांत नोंद होईल तो आकडा कळवा. खाली सह्या आणि अंगठे. माझ्या मालकाचं नावही त्या यादीत येतं. लिहिताना पेन अडखळलं, पण लिहिलं.

कागद गेल्या आठवड्यात परत आला. आवक विभागातल्या माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, भाषा जरा सौम्य करून आणा, लगेच घेतो.” मी ते बायकांना जसंच्या तसं सांगितलं. सगळ्यात म्हाताऱ्या आजीनं हातातलं हळकुंड गोणपाटावर टाकलं आणि म्हणाली, “बदलू नगंस. सोमवारी आमी समद्याच येतो तुझ्यासंगं. मी वाचून दावते त्येला.”

तिला वाचता येत नाही, म्हणून सध्या रोज जेवणाच्या सुट्टीत ती तो अर्ज माझ्याकडून पाठ करून घेते आहे.